पिवळ्या ताऱ्याच्या अकरा वह्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते लातूरच्या कॉलेजात आम्हाला फिजिक्स शिकवणाऱ्या आमच्या सरांचे. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते वेगळे ठेवतो. मी निलंग्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून आलेला. घराण्यात कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो या माणसाच्या रागामुळे. मायेनं शिकवणारे मास्तर मला शाळेत भेटले होते, त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मला काहीही आलं नाही. सरांनी एकदाही हात फिरवला नाही.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. छापील नावाचा त्यांना तिटकारा होता. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांचा फोटो छापला तेव्हा त्यांनी आपल्या प्रतीतला फोटो ब्लेडनं कापून काढला आणि त्या चौकोनी भोकातून आमच्याकडे बघत म्हणाले, "आता बरा दिसतो."

सर मूळचे उदगीरचे. लिंगायत कुटुंब, घरची आडत, गळ्यात शिवदारा, घरातलं बोलणं अर्धं कानडी. पण शिक्षण निजामाच्या काळात हैदराबादला, सगळं उर्दूतून. त्यामुळे ते मराठीत शिकवत, फळ्यावर इंग्रजीत लिहीत आणि विचार उर्दूत करत. तापमान म्हणायचं असलं की तोंडातून 'हरारत' निघून जाई आणि मग जणू आम्हीच चुकलो अशा नजरेनं ते आमच्याकडे बघत. मे महिन्यातही अंगात बंद गळ्याचा कोट. वह्या, टिपणं, घरखर्चाची यादीसुद्धा उजवीकडून डावीकडे.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर नुसता वापरायची सोय नव्हती. "अंदाज सांग, मना नाही. पण चूक किती होऊ शकते ते बी सांग." हे वर्गातच नव्हे, बाजारातही. गंजगोलाईत भाजीवाली म्हणाली, "अर्धा किलो आसंल बघा, मास्तर," की सर विचारत, "किती कमी-जास्त?" ती बाई एकदा वैतागून म्हणाली, "मास्तर, तुमी घरी जावा. तुमच्या बायकूला धाडा." सर खरंच घरी गेले आणि बायकोला पाठवलं.

पहिल्या वर्षी सहामाहीत मला फिजिक्समध्ये नऊ मार्क पडले. इंग्रजी पुस्तक मला भिंतीसारखं वाटायचं. गावाकडे परत जायचं ठरवून मी वळकटी बांधली आणि दाखला मागायला गेलो. सर तिथं उभे होते.

"कुठं निघाला, निलंगा?" ते मला गावावरूनच हाक मारत.

"गावाकडं, सर. मला न्हाई जमत."

"नऊ मार्क पडले तुला. नऊ कुठून आले?"

मी दाखल्याचा अर्ज पुढं केला.

"शंभरातले एक्क्याण्णव गेले ते सगळ्यांचेच जातात. नऊ आले ते कुठून आले ते शोधू. संध्याकाळी गच्चीवर ये. आला नाहीस तर तुझ्या गावाला येऊन तुझ्या बापासमोर मारीन."

मी गेलो. कॉलेज तेव्हा जुन्या कचेरीच्या दगडी इमारतीत भरायचं. गच्चीवर सर होते आणि कॉलेजचे शिपाई होते. त्यांना सगळे मामू म्हणत. सर आणि मामू यांचं एक वेगळंच जग होतं. कॉलेजात उर्दू वाचणारे हे दोघंच. हैदराबादहून येणारा उर्दू पेपर मामू आधी वाचत, मग सर वाचत, मग दोघं चहा पिताना त्यावर भांडत. हुद्द्याचा विचार दोघांच्याही डोक्यात आलेला मी पाहिला नाही.

सरांकडे हैदराबादच्या बाजारातून घेतलेली एक जुनी लष्करी दुर्बीण होती. मघा नक्षत्राचा विळा त्यांनी मला दाखवला, मग त्याच्या पात्याखाली दुर्बीण नेली. "काय दिसतं?"

"तीन चांदण्या, सर. दोन पांढऱ्या. मधली पिवळसर."

"मधलीच. नुसत्या डोळ्यानं दिसते, पण दिसली न दिसली अशी. तिच्याकडे कुणी बघत नाही. किती मोठी असेल?"

"बारकी हाय."

"बेवकूफ," सर म्हणाले, आणि माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

त्या एका फिकट ताऱ्यावर सरांनी मला निम्मं फिजिक्स शिकवलं. रंग पिवळा म्हणजे पृष्ठभागाची हरारत पाच हजार अंशांच्या आसपास, आपल्या सूर्यापेक्षा जरा थंड. थंड आहे तरी प्रकाश सूर्याच्या पन्नास-साठ पट. मग थंड असून एवढा उजेड कसा? पृष्ठभाग मोठा असला पाहिजे. किती मोठा? गणित करायला लावलं. तीन वेळा चुकलो, तीन वेळा शिव्या खाल्ल्या, चौथ्यांदा उत्तर आलं : सूर्याच्या दहापट रुंद. राक्षसी तारा. मग एवढा मंद का दिसतो? कारण त्याचा उजेड इथं यायला चारशेच्या आसपास वर्षं लागतात. "निघाला तवा हैदराबादेत निजाम बी नव्हता," सर म्हणाले, "अन् तू म्हणतोस बारकी हाय."

वजन मात्र सूर्याच्या अडीचपटच. दहापट रुंद म्हणजे आकारमान हजारपट, त्यात वजन अडीचपट. एकूण ताऱ्याची सरासरी घनता निघाली आपण श्वास घेतो त्या हवेच्या जेमतेम तिप्पट. सरांना याचा फार आनंद व्हायचा. संस्थेचे अध्यक्ष हार घालून व्यासपीठावर चढले की सर माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "घनता काढ."

एकदा मी विचारलं, तो एवढा फुगला कशानं?

"बहात्तरच्या दुष्काळात पोरांची पोटं बघितलीस?" सर म्हणाले. "आत काही नाही, अन् पोट टमटमीत. तसंच. गाभ्यातलं हायड्रोजन सरलं. आतलं सरलं की बाहेरून फुगतो."

मला राग आला. त्या दुष्काळात माझे आईवडील खडी फोडायच्या कामावर होते आणि तसलं पोट घेऊन त्या खडीच्या ढिगावर बसलेल्या पोरांतला एक मी होतो. मी तसं सांगितलं. सरांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "लोक खडी फोडून राहिले होते अन् मी गच्चीवर बसून तारा बघून राहिलो होतो. ढगच नव्हता तर काय करू? त्याच साली सुरू केलं मी हे."

'हे' म्हणजे वह्या. त्या दोन पांढऱ्या शेजाऱ्यांपैकी एक पिवळ्यापेक्षा थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. त्या दोघांच्या तेजातल्या फरकाचे मनानं दहा भाग करायचे आणि मंदाकडून मोजत आपला तारा कितव्या भागावर बसतो तो आकडा लिहायचा. तारा दिसेल त्या प्रत्येक संध्याकाळी. दुष्काळाच्या साली सर 'चार' लिहीत होते. पुस्तकात लिहिलं होतं की असे तारे स्थिर असतात. "कुणी बघितलंय?" हा सरांचा प्रश्न. पुढं त्यांचा आकडा हळूहळू पाच झाला, मग सहा. तारा उजळत होता. अजून फुगत होता की काय, हे त्यांना कळून घ्यायचं होतं आणि त्यासाठी दुष्काळापासूनचा प्रत्येक आकडा लागणार होता.

सर तापानं पडले किंवा पेपर तपासायला बाहेरगावी गेले की मामू गच्चीवर जात. मामूंचा आकडा सर वेगळ्या खुणेनं लिहीत. मामू शेवटपर्यंत चारच सांगत राहिले.

"तुला सवय लागली चारची," सर म्हणत.

"दिखता है वो बोलता हूँ, साब. मेरे को क्या उससे लेना."

सर कुरकुरत, पण चारच लिहीत. दुसऱ्याचा आकडा बदलायचा नाही हा नियम होता.

आता या वह्यांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घात तिथंच आहे. दुष्काळात कागद मिळत नव्हता. जुन्या कचेरीच्या कोठीत निजामाच्या काळातल्या महसुलाच्या कोऱ्या वह्या पडून होत्या. वर उर्दूत छापलेले रकाने : गाव, नंबर, क्षेत्र, कब्जेदार. सरांनी त्या घेतल्या आणि त्याच रकान्यांत उर्दूत आकडे भरले. अशा अकरा वह्या झाल्या आणि त्याच कोठीच्या कपाटात राहिल्या.

मग लातूर जिल्हा झाला. गावभर कमानी, भाषणं, पेढे. नव्या जिल्ह्याला नवं दप्तर हवं होतं. जुन्या सरकारी इमारतींत जिथं जिथं उर्दू कागदपत्रं असतील ती रेकॉर्ड रूमला जमा करा, असा हुकूम आला. सर त्या आठवड्यात पेपर तपासायला औरंगाबादला होते. मामूंच्या भाचीचं लग्न हिमायतनगरला होतं. रजेचा अर्ज न देता ते गेले आणि कोठीची किल्ली माझ्याकडे देऊन गेले, कारण मी कमवा-शिका योजनेत कॉलेजात काम करत होतो.

प्राचार्यांनी मला कपाट रिकामं करायला सांगितलं. मी लाल कापडात बस्ते बांधत होतो. त्या वह्या हातात आल्या. मला उर्दू वाचता येत नव्हतं, पण समासात पेन्सिलीनं काढलेला विळा मला ओळखू येत होता. मला कळलं. हे मी आज स्पष्ट लिहितो : मला कळलं होतं.

"काय बघून राहिलास?" प्राचार्य दारातून म्हणाले.

"सर, ह्या आपल्या सरांच्या वह्या वाटतात."

"उर्दूच हाय ना?"

"हाव, पण..."

"महसुलाचा छापील कागद हाय ना?"

"हाव."

"मग बांध. जीप खाली उभी हाय, साहेब खोळंबलेत. का योजनेतनं नाव काढू तुझं?"

मी बांधलं. गाठ घट्ट मारली. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. त्याला एक मिनिट थांबायचं नव्हतं. आणि ज्या हातांनी गाठ मारली त्यांचा त्याहून जास्त येतो. नाव काढलं असतं तर काय झालं असतं? हॉस्टेल सुटलं असतं. मी गावाला गेलो असतो. सरांनी येऊन बापासमोर मारून परत आणलं असतं.

सर परत आले, कपाट उघडलं आणि सरळ मामूंसमोर जाऊन उभे राहिले. मी तिथंच, पाण्याच्या माठाजवळ होतो.

"कोठी कुणी रिकामी केली?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गलती हो गयी, साब."

"दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर मी समजलो असतो. तुला तर वाचता येत होतं. तू स्वतः आकडे सांगितले त्यात."

"हौ, साब. गलती हो गयी."

"दहा वर्षं," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यानंतर ते मामूंशी एक शब्द बोलले नाहीत. पेपर दोन वेगवेगळे येऊ लागले.

मी मामूंना गाठून म्हणालो की मी खरं सांगतो. मामूंनी माझा दंड धरला. "चुप बैठ. तेरी कमवा-शिका जाती. मेरी क्या जाती? गुस्सा है, उतर जाता." सरांचा राग आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. तो उतरला नाही. आणि मी गप्प बसलो, कारण गप्प बसण्यात माझी सोय होती.

सर मला घेऊन रेकॉर्ड रूमला गेले. तिथल्या कारकुनानं अदबीनं खुर्ची दिली आणि नकलेचा छापील अर्ज पुढं केला. "मास्तर, बस्ते हजारो हायत. गाव सांगा, नंबर सांगा, काढून देतो."

सरांनी पेन काढलं आणि अर्ज भरला. गाव : मघा. नंबर : नाही. क्षेत्र : सूर्याच्या शंभर पट, चूक वीस पट कमी-जास्त. कब्जेदार : कुणी नाही. चतुःसीमा : दोन पांढरे तारे, बाकी अंधार.

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "चेष्टा करून राहिले काय, मास्तर?"

"चेष्टा तुमी केली. माझं आकाश तुमी शेतजमिनीत घातलं."

"लिहिलंय कशावर?"

सरांनी पेनचं टोपण लावलं. "महसुलाच्या वह्यांवर."

"मग कागद सरकारचा," कारकून शांतपणे म्हणाला. "सरकारच्या कागदावर तुमी तारा लिहा न्हाई तर म्हसरं लिहा. दप्तर भाईर जात न्हाई."

कायद्यानं तो माणूस बरोबर होता. बाहेर आल्यावर सरांनी भरलेला अर्ज चुरगाळला आणि खिशात ठेवला. रस्त्यावर टाकला नाही. रागातही ते कचरा करत नसत. पुढच्या उन्हाळ्यात विळा वर आला तेव्हा मी त्यांना गच्चीवर चला म्हणालो. "ओळ तुटली," ते म्हणाले. "तुटलेल्या ओळीवरून काय सांगणार? जा, अभ्यास कर."

मी अभ्यास केला. पास झालो. नव्या जिल्ह्यात भरती निघाली आणि मी कलेक्टर कचेरीत कारकून झालो. सर रिटायर होऊन नांदेडला मुलीकडे, आमच्या ताईंकडे, राहायला गेले. मी त्यांना पेढे द्यायला गेलो, पाया पडलो आणि तरीही सांगितलं नाही. पुढच्या पाच दिवाळ्यांना मी त्यांना पत्रं पाठवली, सगळी 'आपल्या आशीर्वादाने' वगैरे. त्या पत्रांची मला लाज वाटते.

मग माझी बदली रेकॉर्ड रूमला झाली. खालचं पत्र मी त्यानंतर वर्षभरानं लिहिलं.

लातूर

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

वह्या सापडल्या. अकराच्या अकरा आहेत. दप्तर बाहेर नेता येत नाही हा नियम अजून आहे, पण नक्कल देता येते. मला उर्दू येत नव्हतं म्हणून मी मामूंना बोलावलं. दर शनिवारी दुपारी ते येऊन स्टुलावर बसले आणि आकडे वाचत गेले, मी लिहीत गेलो. हळूहळू मलाही वाचता यायला लागलं. सोबत सगळ्या आकड्यांची नक्कल पाठवत आहे. प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' असा जिल्ह्याचा शिक्का आहे.

ते बस्ते मामूंनी बांधले नव्हते. ते त्या दिवशी हिमायतनगरला लग्नाला गेले होते. कपाट मी रिकामं केलं. समासातला विळा मी ओळखला होता. प्राचार्यांनी दम दिला आणि मी बांधलं. माझं शिक्षण सुटू नये म्हणून मामू तुमच्यासमोर चूक कबूल करून मोकळे झाले, आणि मी ते होऊ दिलं.

दुसरी गोष्ट. मी सगळे आकडे सालवार लावून मांडले. तुमचे आकडे चारवरून सहावर जातात. मामूंच्या खुणेचे आकडे पहिल्या वहीपासून अकरावीपर्यंत चारच आहेत, क्वचित एखाददुसरा साडेचार. तुम्ही त्यांना सवय म्हणालात. मी बरेच दिवस विचार केला. वयानं डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. पिवळ्या भिंगातून निळसर पांढरे शेजारी मंद दिसतात, पिवळा तारा मात्र जवळजवळ तसाच राहतो, म्हणून तो उजळल्यासारखा वाटतो. नांदेडला तुमच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं ताईंनी कळवलं. काढलेलं भिंग कोणत्या रंगाचं होतं हे डॉक्टरांना विचारावं. माझी समजूत अशी की तारा स्थिर आहे. दहा वर्षं कुणीतरी खरोखर बघून हे सांगितलंय, आणि ते तुम्ही व मामूंनी मिळून सांगितलंय. मामूंचे आकडे तुम्ही पटत नसताना लिहून ठेवले नसते तर हे कळलं नसतं.

चौथ्या वहीत एका पानावर आकड्यांखाली तुमची एक ओळ आहे. मामू वाचताना ती गाळून पुढं गेले. मी नंतर एकटा बसून अक्षरं लावून वाचली. "आज तापात होतो. मामूनं पाहिलं. या गच्चीवर मला दुसरा भरवशाचा डोळा नाही."

मामूंना मी हे पत्र लिहितो आहे असं सांगितलं. ते म्हणाले, "नक्को लिख. साब को गुस्सा आता." येऊ द्या, सर. जो राग तुम्ही इतकी वर्षं त्यांच्यावर काढलात तो माझ्या वाट्याचा होता, तो आता माझ्यावर काढा. मारायला येणार असाल तर रेकॉर्ड रूमला मी आहे. मामूंना मात्र एक कार्ड पाठवा, आणि उर्दूतच लिहा. त्यांच्या घरात आता उर्दू वाचणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे तुम्ही काय लिहिलंत ते त्यांच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आपला विद्यार्थी